आई-बाबा घर विकताहेत, मग तुमच्या जुन्या खोलीचं काय?

आजचा विषय वरवर साधा वाटेल. आई-बाबा राहतं घर विकायचं म्हणताहेत आणि त्या घरात एक खोली तुमची आहे. तुम्ही नोकरीसाठी पुण्यात, बंगळुरूला नाहीतर आणखी कुठे. खोली मात्र अजून बारावीतच आहे. आता प्रश्न असा, की गिऱ्हाईक यायच्या आधी ती नव्याने सजवायची का?

आमच्या घरी यावर दोन महिने खल झाला, म्हणून बोलतेय. डोंबिवलीतला वन-रूम-किचनमधून वाढत वाढत घेतलेला टू बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईचे गुडघे असे, की एकदा खाली उतरली की भाजी, बँक, दवाखाना सगळं उरकूनच वर यायची. त्यामुळे घर विकणं ही गरज होती. आणि सगळं अडलं होतं माझ्या दहा बाय बाराच्या खोलीपाशी.

बाबा म्हणायचे, "फॉल्स सीलिंग करू, एका भिंतीला वॉलपेपर लावू. बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत." आई म्हणायची, "कशाला हात लावायचा नाही हं. येणाऱ्यांनाही पोरंबाळं असतीलच की!" मला दोघांचंही पटत नव्हतं. का, ते सांगते.

आधी बाबांचा मुद्दा. जुन्या इमारतीत घर घेणारा माणूस काय विचारतो? कार्पेट एरिया किती, स्टेशन किती लांब, पाणी किती वेळ येतं, ओल आहे का, सोसायटीची कागदपत्रं नीट आहेत का, पुनर्विकासाची काही हालचाल आहे का. फर्निचर तो स्वतःच्या आवडीचंच करणार. तुमचा हौसेचा वॉलपेपर तो ताबा मिळाल्यावर खरवडून काढणार. स्टॅम्प ड्युटीसाठी जो रेडी रेकनरचा दर धरतात, त्यातही तुमच्या भिंतीवरचं डिझाइन कुठे येत नाही.

बरं, करात तरी सूट मिळेल? घर दोन वर्षांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल, तर नफा दीर्घकालीन धरतात. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के दर आहे, इंडेक्सेशनशिवाय. त्या तारखेआधी घेतलेलं घर असेल, तर भारतात रहिवासी असलेल्या व्यक्तीला इंडेक्सेशनसह २० टक्क्यांनी हिशेब करून, ज्यात कर कमी बसेल तो मार्ग घेता येतो. या हिशेबात दलाली वजा होते. घरात केलेली पक्की, कायमची सुधारणाही वजा होते. पण साधी रंगरंगोटी सहसा देखभालीत मोडते, सुधारणेत नाही. म्हणजे सजावटीवर लाखभर घातले, तर ते किमतीत परत येतील याची खात्री नाही आणि करातही फार आधार नाही. बिलं जपून ठेवा आणि सीएला विचारा.

आता आईचा मुद्दा. खोली आहे तशीच दाखवली तर काय होतं? हल्ली घर आधी मोबाइलवर बघतात. मी अकरावीत हट्टाने लावून घेतलेला जांभळा रंग फोटोत जवळजवळ काळा दिसत होता. कॉट, टेबल, कपाट, वर गिटार, जमीनच दिसेना. खोली आहे त्यापेक्षा निम्मी वाटत होती. शिवाय भिंतीवर माझं नाव, शाळेचं नाव, फोटो, सर्टिफिकेटं. हे सगळं अनोळखी लोकांच्या फोनवर जाणार! घेणाऱ्याला तिथे स्वतःच्या मुलाचा पलंग डोळ्यांसमोर आणायचा असतो. माझ्या ट्रॉफ्यांच्या गर्दीत तो कसा येणार?

म्हणून माझं उत्तर: सजवू नका, मोकळी करा. क्रम तीन पायऱ्यांचा.

पहिली पायरी, खोली रिकामी करणं. एक कॉट, एक टेबल ठेवा, बाकी हलवा.

दुसरी, दुरुस्ती. पंख्याची घरघर, न लागणारी कडी, तुटलेलं बटण. आणि मुख्य म्हणजे ओल. आमच्या खिडकीखाली पावसाळ्यात पोपडे यायचे. त्यावर नुसता रंग मारला तर पुढच्या पावसात तो पुन्हा फुगतो. आधी बाहेरून पाणी कुठून येतंय ते बंद करायचं, भिंत पूर्ण वाळू द्यायची, मग पुट्टी, प्रायमर, रंग. आणि ओल झाकून घर विकू नका. नुसती एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली की जाणता माणूस तिथेच हात लावून बघतो.

तिसरी पायरी, एकच फिकट रंग. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे चार भिंती ४४० चौरस फूट, छत १२०. दार-खिडकी वजा करून साधारण सव्वापाचशे चौरस फूट. रंगाऱ्याकडून चौरस फुटाचा दर घ्या, पुट्टी-प्रायमर धरून की सोडून हे आधीच विचारा. गडद रंगावर फिकट रंग चढवायला हात जास्त लागतात, तेही बोलून घ्या.

एवढं मी घरी समजावलं. बाबा दहा मिनिटांत तयार झाले. आई नाही. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "खोलीच राहिली नाही तर तू येशील कशाला गं?"

दोन महिन्यांचा वाद खरा इथे होता. जांभळा की पांढरा, हा प्रश्नच नव्हता. मग आम्ही रंगाचं बोलणं थांबवलं आणि नव्या घराचं बोललो. लिफ्ट असलेला वन बीएचके. त्यात मी आले की झोपणार कुठे? हॉलमध्ये दिवाण, माझ्या नावाचा एक कप्पा, एक उशी, एक पांघरूण. हे ठरलं आणि दुसऱ्या दिवशी आईनेच रंगाऱ्याला फोन केला.

म्हणून तुम्हाला सांगते, ही खोली तुम्ही स्वतः जाऊन आवरा. व्हिडिओ कॉलवरून "टाक गं सगळं रद्दीत" म्हणू नका. एक तर त्या कपाटात तुमची दहावीची मार्कशीट, लिव्हिंग सर्टिफिकेट, जन्मदाखला, जातपडताळणीचा कागद असतो. ते आधी वेगळं काढा. आणि दुसरं, तुमच्या वह्या रद्दीत घालायचं काम आई-बाबांवर टाकू नका. त्यांच्या हातून ते होत नाही, मग घर विकणं महिनोन्‌महिने लांबतं आणि जिने मात्र त्यांनाच चढावे लागतात. घर त्यांचं आहे, विकायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. तुमचा पसारा उचलणं तेवढं तुमच्याकडे.

आमचं घर चौथ्या पार्टीने घेतलं. त्या काकूंनी रंगाबद्दल चकार शब्द काढला नाही. खिडकीखाली हात फिरवला आणि विचारलं, "पावसात कसं असतं इथे?" आम्ही काय काम केलं ते सांगितलं, बिल दाखवलं.

तर जोडून सुट्टी आली की तिकीट काढा. जाताना दोन रिकाम्या बॅगा न्या, आणि नव्या घरात तुमची उशी कुठे राहणार ते आईशी बोलून या. भेटू पुढच्या भागात!