ओल्डहॅमचा कारखाना, ताडदेवची गिरणी आणि टोयोटा

मागच्या भागात आपण गिरणगावातल्या चाळींबद्दल बोललो. आज थेट इंग्लंडला जाऊ, कारण त्या गिरण्यांमधली यंत्रं बनायची कुठे, हे आपल्याकडे फारसं कुणी विचारतच नाही.

मँचेस्टरजवळ ओल्डहॅम नावाचं शहर आहे. तिथे हेन्री प्लॅट या लोकरीची यंत्रं बनवणाऱ्या माणसाने १८२० च्या दशकात एलिजा हिबर्टबरोबर भागीदारीत धंदा मांडला. पुढे मुलांच्या हातात त्याची 'प्लॅट ब्रदर्स' झाली. एक गोष्ट लक्षात ठेवा: १८४३ पर्यंत ब्रिटनमधून कापडयंत्रं परदेशी पाठवायला कायद्याने बंदी होती. आपली विद्या बाहेर जाईल ही भीती! बंदी उठली आणि प्लॅटवाल्यांनी जगभर यंत्रं विकली. कावसजी नानाभाई दावरांनी १८५४ मध्ये मुंबईतली पहिली कापडगिरणी काढली, ताडदेवला. तिची यंत्रं प्लॅटचीच.

कारखाना म्हणजे केवढा? एकोणिसावं शतक संपताना तिथे १२,००० च्या वर माणसं कामाला होती. कोळशाच्या खाणीसुद्धा स्वतःच्या. कापूस पिंजण्यापासून साच्यावर कापड विणेपर्यंत (आपल्या गिरणीत मागाला साचाच म्हणायचे) प्रत्येक कामाचं यंत्र एकाच छताखाली मिळायचं.

आता खरी गंमत. जपानमधल्या कागोशिमाच्या सूतगिरणीला १८६७ मध्ये प्लॅटनेच यंत्रं दिली होती. ती चालवायला शिकवणारे इंग्रज तंत्रज्ञही तिकडे जाऊन राहिले. पुढे त्याच देशातल्या साकिची तोयोदा आणि त्यांचा मुलगा किईचिरो यांनी १९२४ मध्ये असा माग काढला, की धोट्यातलं सूत संपलं तरी माग न थांबवता धोटा आपोआप बदलायचा. १९२९ मध्ये प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क घ्यायला १,००,००० पौंडांचा करार केला. ज्यांनी शिकवलं तेच आता पैसे मोजून शिकायला निघाले! किईचिरोंनी त्याच सुमाराला मोटारीवर काम सुरू केलं. टोयोटा तिथून उभी राहिली.

प्लॅटला मात्र तो माग तारू शकला नाही. मला विचाराल तर उशीर झाला होता. लँकेशायरच्या गिरण्याच मोडकळीला आल्या होत्या, नवे माग घेणार कोण? १९३१ मध्ये प्लॅट आणि तिचे जुने प्रतिस्पर्धी एका कंपनीत एकत्र आले. तरी रडतखडत पन्नास वर्षं काढली. १९८२ मध्ये ओल्डहॅमचा कारखाना बंद झाला.

१९८२ म्हटल्यावर तुमच्यापैकी कुणाच्या तरी आजोबांना १८ जानेवारी आठवेल, मुंबईचा गिरणी संप. या दोन गोष्टींचा थेट संबंध नाही, उगाच जोडू नका. पण घरी कुणी गिरणीत असेल, तर साच्यावर ओतलेलं कंपनीचं नाव काय होतं ते विचारा, आणि मला आवाजी मेसेज पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो.