उभ्या उतारावरची लाकूडतोड

अमेरिकेच्या वायव्येला, ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत, डग्लस फरचे उंच वृक्ष उभ्या डोंगरउतारांवर वाढतात. तिथे ट्रॅक्टर चालत नाही. म्हणून माथ्यावर यार्डर नावाचं यंत्र उभं करून पोलादी दोरांनी ओंडके वर ओढतात. खाली उतारावरची माणसं ओंडक्यांना फास लावतात, दूर सरकतात, इशारा देतात. मगच दोर ताणला जातो. ताणलेला दोर तुटला तर सपकन उलटा येतो. त्यामुळे दोराच्या तारा तपासणं ही मला नुसती देखभाल वाटत नाही, खालच्या माणसाचा जीव त्यावर असतो.

साखळी-करवतीचंही तसंच. दात बोथट झाले की छिलक्यांऐवजी बारीक भुसा पडतो, माणूस जास्त जोर लावतो. त्यात पात्याच्या टोकाची वरची बाजू लाकडाला लागली, तर करवत उसळून अंगावर येते. म्हणून कानस कायम जवळ हवी.

2022 साली अमेरिकेत दर 1 लाख लाकूडतोड्यांमागे सुमारे 100 जण कामावर दगावले. सर्व व्यवसायांत हेच प्रमाण 4 पेक्षा कमी होतं. आता दोराने बांधलेली, पोलादी केबिनची यंत्रं काही उतारांवर झाडं कापतात. त्यांनाही न जमणाऱ्या चढांवर मात्र करवत माणसाच्याच हाती असते.