साठवण आणि आठवण



साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या शाळेच्या कपाटात छायाचित्रणाचे तीन काळ शेजारी शेजारी नांदत असतात. पहिल्या काळाची खूण म्हणजे जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली कृष्णधवल छायाचित्रे, दुसऱ्याची रंगीत अल्बम आणि तिसऱ्याची टपाल तिकिटाएवढे एखादे मेमरी कार्ड. पहिल्या दोहोंनी कपाट भरते. तिसरे मुठीत मावते आणि तितक्याच सहजतेने हरवते. या इवल्याशा कार्डाची क्षमता कशी वाढत गेली आणि त्या वाढीबरोबर माणसाच्या शिरावर कोणती जबाबदारी आली, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

रोलच्या काळात छायाचित्रकार मोजून बटण दाबीत असे. पस्तीस मिलिमीटरच्या एका रोलवर २४ किंवा ३६ छायाचित्रे निघत. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन याने पहिला सुटसुटीत डिजिटल कॅमेरा बनविला. त्याचे चित्र अवघ्या दहा हजार बिंदूंचे होते आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरविण्यास २३ सेकंद लागत. एका फितीवर ३० चित्रे राहावीत, असे सॅसनने ठरविले. कारण हा आकडा २४ आणि ३६ यांच्या मधला, म्हणजे लोकांच्या सवयीतला होता. यंत्र नवे होते, माप मात्र जुन्या रोलचेच होते.

हे माप मोडले ते फ्लॅश स्मृतीने. जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही स्मृती विकसित केली. तिच्यातील मजकूर एका झटक्यात पुसला जातो, हे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली आणि तेच नाव रूढ झाले. १९९४ मध्ये सॅनडिस्क कंपनीने कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बाजारात आणले. या कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी संजय मेहरोत्रा यांचा जन्म कानपूरचा. पुढे १९९९ मध्ये सॅनडिस्क, पॅनासॉनिक आणि तोशिबा यांनी मिळून एसडी कार्डाची घोषणा केली. २००० साली आलेली पहिली कार्डे ३२ आणि ६४ मेगाबाइटची होती. त्या वेळच्या साध्या कॅमेऱ्याची सुमारे तीस छायाचित्रे ३२ मेगाबाइटमध्ये मावत. म्हणजे पुन्हा एका रोलएवढीच. २०१६ मध्ये त्याच आकाराच्या, एक टेराबाइट क्षमतेच्या कार्डाचा नमुना दाखविण्यात आला. सोळा वर्षांत क्षमता सुमारे तीस हजार पट झाली आणि कार्डाची लांबी-रुंदी ३२ गुणिले २४ मिलिमीटरच राहिली.

ही किमया समजण्यासाठी घड्यांची उतरंड डोळ्यांसमोर आणावी. कार्डातील प्रत्येक सूक्ष्म कोष हा एक घडा आणि त्यात कोंडलेला विद्युत्भार हे पाणी. आरंभी घडा भरलेला की रिकामा, एवढेच पाहिले जाई. पुढे पाण्याच्या चार, मग आठ आणि मग सोळा पातळ्या ओळखण्याचे तंत्र साधले आणि एकाच घड्यात दोन, तीन, चार अंक राहू लागले. जमीन अपुरी पडली तेव्हा मजल्यावर मजले चढले. २०१३ मध्ये सॅमसंगने २४ थरांची स्मृती उत्पादनात आणली. आज थरांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आहे. मात्र पातळ्या जितक्या जवळ, तितका थोड्याशा गळतीनेही घोटाळा होण्याचा संभव अधिक. क्षमतेची ही किंमत सहसा जाहिरातीत छापली जात नाही.

दुसरी मर्यादा पत्त्यांची आहे. घरे कितीही बांधली, तरी त्यांना क्रमांक देण्याची पद्धत पुरी पडावी लागते. म्हणूनच एसडी कार्डाची मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढविली गेली: प्रारंभी २ गिगाबाइट, २००६ मध्ये ३२ गिगाबाइट, २००९ मध्ये २ टेराबाइट आणि २०१८ मध्ये १२८ टेराबाइट. प्रत्येक टप्प्यावर जुने कॅमेरे मागे राहिले. नवे कार्ड त्यांना वाचता येत नाही.

आता एक साधा हिशेब. एक छायाचित्र सुमारे दहा मेगाबाइटचे धरले, तर एक टेराबाइटमध्ये एक लाख छायाचित्रे राहतात. प्रत्येकाकडे केवळ तीन सेकंद पाहायचे म्हटले, तरी ८३ तास लागतील. कॅमेरा आपल्या छायाचित्रांना ०००१ ते ९९९९ असे क्रमांक देतो. एक लाखापर्यंत जाताना त्याला दहा वेळा पुन्हा एकपासून मोजावे लागेल. तो दिनांक नोंदवितो, प्रकाशाचे माप नोंदवितो; पण पहिल्या रांगेत उजवीकडून तिसरी मुलगी कोण, हे त्याला ठाऊक नसते. जुन्या छायाचित्राच्या पाठीमागे शाईने लिहिलेली नावे ते काम करीत.

इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस असताना लाला दीनदयाळ यांनी १८७४ च्या सुमारास छायाचित्रण हाती घेतले. त्यांच्या काचेच्या अडीच हजारांहून अधिक निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. काच उजेडासमोर धरली की शंभर वर्षांपूर्वीचे दृश्य दिसू लागते. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. मेमरी कार्डातील विद्युत्भार मात्र वर्षानुवर्षे झिरपत राहतो आणि उष्णतेने ही गळती वाढते. उन्हाळ्यात तापणाऱ्या कपाटात विसरलेले कार्ड बाहेरून जसेच्या तसे दिसते, आतला घडा मात्र रिता होत असतो.

म्हणून कार्डाला पेटी न समजता पालखी समजावे. छायाचित्र एका ठिकाणाहून दुसरीकडे सुखरूप नेणे, एवढेच त्याचे काम. जाणकार छायाचित्रकार तीन प्रती ठेवतात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवतात आणि त्यांतील एक अन्य वास्तूत ठेवतात. शाळेने याला आणखी एक नियम जोडावा: प्रत्येक वर्षाच्या हजारो छायाचित्रांतून ३६ निवडावीत, ती कागदावर छापावीत आणि प्रत्येकाखाली नावे, प्रसंग व वर्ष मराठीत लिहावे. हे काम दहावीच्या विद्यार्थ्यांवर सोपवावे आणि नावे सांगण्यासाठी जुन्या शिक्षकांना शेजारी बसवावे. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालविणाऱ्या समाजाचा इतिहास इतर कुणी लिहून ठेवील, अशी आशा फारशी धरता येत नाही. चेहरे ओळखणारी माणसे आज आहेत. त्यांना विचारण्याचे काम मात्र पुढच्या महोत्सवापर्यंत थांबू शकणार नाही.