खोल समुद्रातील पाईप आणि त्याची परीक्षा



कोकणातील आपल्या कित्येक घरांतील माणसे जहाजावर किंवा आखातातील तेलक्षेत्रांत राबून आली आहेत. तेव्हा समुद्रातून तेल काढतात हे मी नव्याने सांगावयास नको. आज बोलावयाचे आहे ते तेल वर आणणाऱ्या पाईपविषयी.

ब्राझीलच्या सांतोस खोऱ्यात २००६ साली तुपी हे तेलक्षेत्र सापडले. तेथे समुद्र सुमारे २,१०० मीटर खोल आहे. वर लाटांवर डोलणारे जहाज, खाली तळावरची विहीर. यांना जोडणारा पाईप ताठ असला तर मोडेल. म्हणून लवचिक पाईप थराथरांनी बनवितात. आत पोलादी सांगाडा, त्यावर तेल अडविणारे प्लास्टिक, त्यावर पोलादी तारांचे वेटोळे आणि बाहेर पुन्हा प्लास्टिक.

पोलादाची पहिली अडचण वजनाची. आर्किमिडीजचा नियम आपण शाळेत शिकला आहात, तो येथे लावून पाहा. एक घनसेंटिमीटर पोलाद हवेत ७.८५ ग्रॅम, पाण्यात ६.८५. कार्बनचे तंतू रेझिनमध्ये बसवून केलेले द्रव्य हवेत सुमारे १.६, पाण्यात अवघे ०.६. म्हणजे अकरापट फरक! हा सारा भार जहाजाला लोंबकळतो. दुसरी अडचण अधिक घातकी. आतील कार्बन डायऑक्साइड प्लास्टिकमधून हळूहळू झिरपतो, तारांपाशी पाणी असल्यास आम्ल तयार होते आणि ताणलेल्या तारांना भेगा जातात. ब्राझीलच्या तेलनियामक संस्थेने २०१७ मध्ये याबाबत इशारा दिला.

मग तारा कार्बनच्याच का करू नयेत? तसे प्रयत्न चालूच आहेत. पण पोलाद तुटण्यापूर्वी ताणते, वाकते, काहीतरी सूचना देते. कार्बन तंतू सूचना न देता तुटतो. शिवाय तो ओढ उत्तम सोसतो, दाबला असता मात्र दुबळा ठरतो; आणि रिकामा पाईप खोल पाण्यात उतरविला की बाहेरचा दाब त्याला लांबीच्या दिशेनेही दाबतो.

म्हणून परीक्षा कडक असते. पाण्याचा दाब वाढवीत पाईप फुटेपर्यंत नेतात, बाहेरून दाबून चेपेपर्यंत नेतात. खरी कठीण परीक्षा काळाची. दर दहा सेकंदांना एक लाट धरली तर वीस वर्षांत सहा कोटींहून अधिक लाटा होतात. यंत्रावर पाईप झपाट्याने वाकवून काही महिन्यांत त्याची झीज मोजतात. आणि हिशेबाने आयुष्य सेवाकाळाच्या किमान दहापट, म्हणजे विसांसाठी दोनशे वर्षे, निघावे लागते. रेझिनचे वार्धक्य पाहण्यासाठी नमुने ताण देऊन गरम पाण्यात ठेवतात, कारण उष्णतेने रासायनिक क्रिया वेग घेते. येथे उतावीळपणा नडतो. पाणी फार तापविले तर रेझिनच मऊ पडते आणि निघालेला आकडा समुद्राविषयी काहीच सांगत नाही.

माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते टोकाच्या जोडणीकडे. तेथे शेकडो टनांची ओढ पोलादी पकडीत सोपवावी लागते. नमुना मधोमध न तुटता टोकाशी तुटला, तर दोष बहुधा तंतूंचा नसून पकडीचा. मग ती जोडणी करवतीने उभी कापतात, भिंगाखाली धरतात, पहिला तंतू कोठे सुटला ते शोधतात आणि नवी जोडणी करून परीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.