कंपनींतला आणि कंपनीचा

दौंड तालुक्यांतील कुरकुंभ गांवीं कोणी ‘कंपनींत गेला आहे’ असें सांगितलें, म्हणजे तो औद्योगिक वसाहतींतील एखाद्या रासायनिक कारखान्यांत गेला, हें पोरासहि कळतें. वस्तुतः इंग्रजींत हा शब्द इमारतीचा नव्हे, मंडळीचा. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ तर ‘एका भाकरीचे वाटेकरी’ असा आहे!

१८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर १८५८ पर्यंत या मुलखांत ‘कंपनी सरकार’ होतें. पुढें नाटकमंडळ्यांनीं तोच शब्द उचलला, आणि १९२९ सालीं कोल्हापुरास निघालेल्या ‘प्रभात’नें ‘फिल्म कंपनी’ हें नांव घेतलें. जवळच दौंडास, राखीव पोलीस दलाच्या तळावर, कंपनी म्हणजे शिपायांची तुकडी. आणि एकट्या पाहुण्यास ‘कंपनी देणें’ म्हणजे नुसती सोबत.

कारखान्यांच्या गांवांत मात्र या शब्दाच्या प्रत्ययालाच मोल आहे. ठेकेदारामार्फत आलेला मजूर रोज कंपनींत जातो, तेंच यंत्र चालवितो, तरी तो ‘कंपनीचा’ म्हणविला जात नाहीं. तो मान कायम नोकरांचा. म्हणून सोयरीक जुळवितांना मुलीचा बाप हळूच पुसतो : मुलगा कंपनींत आहे, कीं कंपनीचा आहे?