तिसऱ्या मालकाची गाडी



काल या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झालं, उद्या दुष्काळावर आहे, आणि मधल्या दिवशी मी जुनी आलिशान गाडी कशी पारखावी हे सांगायला उभा आहे. संयोजकांच्या धाडसाचं मला कौतुक वाटतं. एवढ्या उकाड्यात तुम्ही आलात, याचं त्याहून जास्त.

सुरुवात बैलापासून करतो. माझे आजोबा चाकणच्या बाजारात बैल बघायला जात, तेव्हा मला बरोबर नेत. विकणाऱ्यानं शिंगं तासून, रंगवून, अंगाला तेल चोळून बैल उभा केलेला असे. आजोबा शिंगांकडे बघतसुद्धा नसत. आधी तोंड उघडून दात बघायचे. दुसा, चौसा की जुळलेला, तिथं वय कळतं. मग बैल खाली बसेपर्यंत समोरच्या टपरीवर चहा घेत थांबायचे. उभा बैल कुणीही दाखवील, म्हणायचे, बसलेला उठतो कसा ते बघायचं.

त्याच चाकणला २००९ पासून मर्सिडीजचा कारखाना आहे. पण आपल्याकडची मर्सिडीज त्याआधीची. १९९५ साली पिंपरी-चिंचवडला टेल्कोच्या आवारात ई-क्लास जोडून बाहेर पडू लागली. शौकीन मंडळी तिला डब्ल्यू १२४ म्हणतात. गंमत अशी, की युरोपात ती १९८४च्या अखेरीस आलेली. १९९५ला तिकडे तिची जागा पुढच्या मॉडेलनं घेतली, आणि त्याच वर्षी आपण तिच्या स्वागताला हार घेऊन उभे राहिलो. त्यात आपलं नुकसान झालं असं मला वाटत नाही. लोखंड दणकट होतं. आज ती कुणाच्या तरी शेडमध्ये धूळ खात असते, आणि नव्या छोट्या गाडीपेक्षा कमी पैशांत मिळते. तिथंच माणूस फसतो.

गाडीची किंमत उतरते, तिच्या सामानाची उतरत नाही. हेडलाइट, गिअरबॉक्स, सस्पेन्शनचे बुश यांना तुम्ही गाडी किती लाखांत घेतली याच्याशी काही घेणंदेणं नसतं. ते मर्सिडीजच्याच भावानं येतात. म्हणून मी गाडी बघायच्या आधी आरसी बघतो. ही कितव्या मालकाची? पहिला मालक बहुधा कंपनी किंवा कारखानदार. तो बिलं न बघता सर्व्हिसिंग करतो. दुसरा हौशी असतो, पोटाला चिमटा घेऊन का होईना, करतो. तिसरा गाडी घेतो ती स्वस्त मिळाली म्हणून. त्याच्याकडे गाडीपुरते पैसे होते, गाडी पोसण्यापुरते नव्हते. कूलंट कमी झालं की नळाचं पाणी. वॉर्निंग लाइट लागला तर बल्ब काढून टाकतो. ही सगळी उधारी तो चौथ्याच्या, म्हणजे तुमच्या, नावावर लिहीत असतो. एकाच मालकानं वीस वर्षं वापरलेली, दोन लाख किलोमीटर झालेली गाडी मी डोळे मिटून बघायला जाईन. पन्नास हजारच चाललेली पण चार हात फिरलेली असेल, तर रिक्षाचं भाडं वाचवीन.

मीटरवर जाऊ नका, मीटर मागे फिरतो. ब्रेकच्या पॅडलचं रबर, स्टिअरिंगची कातडी, चालकाच्या सीटची दाराकडची कड, हे मागे फिरवता येत नाही. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. काचांवरही साल वाचता येतं. पाच काचा एका सालच्या आणि एक वेगळी असेल, तर त्या बाजूला काय झालं होतं ते विचारायचं.

आता बसलेला बैल. २००९ साली मी एक मोठी जर्मन गाडी बघायला गेलो. मेक सांगत नाही, तिचा दोष नव्हता. विकणाऱ्यानं अकराला बोलावलं होतं, मी मिस्त्रीला घेऊन आठलाच हजर. मिस्त्रीनं 'नमस्कार'सुद्धा न म्हणता बोनेटवर तळहात टेकवला आणि माझ्याकडे वळला. "साहेब, हिला पहाटेच उठवलीय." थंड इंजिन पहिल्या फटक्यात काय बोलतं ते ऐकू येऊ नये, म्हणून ती गरम करून ठेवली होती. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा दाट धूर बराच वेळ राहिला, तर कूलंट आत शिरतंय. ऑइलच्या झाकणाखाली चहावरच्या सायीसारखं काही दिसलं, तर चप्पल घालायची आणि निघायचं.

आम्ही मात्र निघालो नाही. रंग फार सुंदर होता हो! "डॉक्टरची गाडी आहे," असंही सांगितलं गेलं. महाराष्ट्रातली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरचीच कशी असते, हा संशोधनाचा विषय आहे. मिस्त्रीनं मागच्या सीटचा बेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढत नेला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. वरचा भाग धुतलेला, आतला गुंडाळलेला राहिलेला. मग सीटखाली हात घातला. रुळांना गंज, आणि गालिच्याच्या फोममध्ये बारीक गाळ. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यात किती गाड्या बुडाल्या ते आपण पाहिलंय. ही त्यातलीच असावी, असं मिस्त्री तिथं बोलला नाही. बाहेर येऊन बोलला.

हवेच्या सस्पेन्शनची गाडी असेल, उदाहरणार्थ १९९८नंतरची एस-क्लास, तर आदल्या संध्याकाळी एकदा आणि सकाळी एकदा बघा. चारही चाकांवर बोटं घालून मापा. रात्रीत एक कोपरा खाली बसला असेल, तर तिथून हवा जातेय. ऑटोमॅटिक गिअर डीवरून आरवर टाका. आधी थबकून मग धक्का बसत असेल, तर गिअरबॉक्सच्या खर्चाचा अंदाज घेतल्याशिवाय पुढचं बोलू नका. डब्ल्यू १२४साठी एक खास जागा आहे. त्या सुमाराच्या अनेक मर्सिडीजच्या इंजिनाच्या वायरिंगवरचं आवरण उष्णतेनं कडक होऊन चुरा होतं. प्लास्टिकचं झाकण काढून एक वायर हळूच वाकवा. पापडासारखी तडकली, तर नवं वायरिंग धरून भाव करा.

कागदांचं थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला. पंधरा वर्षं झाली असतील, तर फेरनोंदणी पाच-पाच वर्षांची, वर पर्यावरण कर. दिल्लीची स्वस्त गाडी दिसली, तर स्वस्ताईचं कारण ठाऊक असू द्या. २०१५ला हरित लवादानं आणि २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं तिथं दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांना बंदी घातली, तेव्हापासून त्या गाड्या इकडे येऊ लागल्या. तिथल्या आरटीओचं ना-हरकत हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नये. आणि माझा स्वतःचा हिशेब, शास्त्र नव्हे: गाडीला जेवढे देणार, त्याच्या निम्मे पहिल्या वर्षासाठी बाजूला. ते नसतील, तर तिसरा मालक तुम्हीच.

शेवटी मी घेतली ती १९९६ची डब्ल्यू १२४, चिंचवडच्या एका निवृत्त गृहस्थांकडून. त्यांनी गाडी दाखवायच्या आधी मला माझी गाडी दाखवायला सांगितली. वाकून माझे टायर बघितले, डिकी उघडून जॅक आहे का ते बघितलं. "सावलीत लावता का?" विचारलं. मी हो म्हटलं, तेव्हा आतून फाइल आणली. सगळी बिलं, तारखेवार, टाचणी लावून. मला आजोबांची आठवण झाली. दावं हातात देताना समोरच्याचा गोठा कसा आहे, ते तेही विचारत.

भावाचं बोलणं दोन मिनिटांत झालं. या गाडीला वायपर एकच, पण तो नुसता फिरत नाही, कोपऱ्याकडे लांब होतो आणि परत आखडतो. त्यांनी तो मला तीनदा चालवून दाखवला. निघताना खिडकीशी वाकून म्हणाले, "याच्या आतलं ग्रीस वाळतं. मृगाच्या आधी लावून घ्या."