गळाच्या रिळाची निवड



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून कित्येकांच्या कपाळाला आठी पडली असेल. साहित्य, अर्थकारण, अध्यात्म यांच्या पंक्तीत हे गळाचे रीळ कोठून येऊन बसले? परंतु कामाजोगे साधन कसे निवडावे, हा प्रश्न सर्वांचाच आहे. आणि या साधनाच्या निवडीवर तर एका मुक्या जिवाचे बरेवाईट अवलंबून असते. म्हणूनच हा विषय आपल्यापुढे मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

बाजारात रिळांची नावे अनेक दिसतात; पण त्यांच्या मुख्य जाती दोनच. पतंगाची आसारी आपण पाहिली आहे. ढील दिली की आसारी स्वतः गरगर फिरते. आता मागावरच्या धोट्यातील कांडी आठवा. ती जागची हलत नाही. सूत तिच्या टोकावरून सुटत जाते. गळ फेकताना रिळाची दोरगुंडी आसारीसारखी फिरते की कांडीसारखी स्थिर राहते, एवढे ओळखले म्हणजे निम्मी निवड झाली.

आसारीच्या जातीतले मुख्य रीळ ‘मल्टिप्लायर’. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील केंटकीमध्ये जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने रिळात दातेरी चाके बसविली. मूठ एकदा फिरविली की गुंडी अनेकदा फिरू लागली. या रिळात दोर सरळ गुंडीवर ओढला जातो, म्हणून जड मासा खेचण्यास ते बळकट. दोष असा की, आमिष पाण्यावर पडून थांबले तरी गुंडी आपल्या वेगाने फिरतच राहते आणि दोराचा गुंता होतो. तिला वेळीच अंगठ्याने आवरावे लागते. शिवाय हलके आमिष तिला नीट फिरवू शकत नाही.

कांडीच्या जातीचे रीळ इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांचे. ते लोकरीच्या गिरणीचे मालक होते. त्यांनी १९०५ साली या रिळाचे पेटंट घेतले. यात स्थिर गुंडीवरून दोर अलगद सुटतो, त्यामुळे दहा ग्रॅमचे आमिषही दूर जाते आणि नवशिक्याची फजिती होत नाही. मात्र मासा दोर ओढून नेत असताना मूठ फिरवीत राहिल्यास दोराला पीळ बसतो. याच जातीला झाकण व कळ बसवून १९४९ साली अमेरिकेतील टल्सा येथे मुलांनाही वापरता येईल असे रीळ निघाले. ते बनविणारी कंपनी तोवर तेलविहिरींसाठी सुरुंगाचे बाँब तयार करीत होती!

आता निवडीकडे वळू. दुकानदाराला ‘सर्वांत चांगले रीळ कोणते?’ असे विचारू नये. तो सर्वांत महागडे पुढे करील. आपणच आपल्याला तीन प्रश्न विचारावेत : मासा कोणता, पाणी कसले, आमिष किती वजनाचे? तळ्यावर चिलापी धरणाऱ्याला लहान स्थिर गुंडीचे रीळ पुरे. कोकणच्या खाडीत जिताडा धरायचा तर तेच मध्यम आकाराचे आणि खाऱ्या पाण्याला टिकणारे घ्यावे. घरी येताच गोड्या पाण्याने हलके धुवावे. होडीमागे आमिष ओढीत सुरमई धरणाऱ्याने मल्टिप्लायर घ्यावा. वाहत्या नदीतील महाशीरसाठी रीळ कोणत्याही जातीचे चालेल, परंतु बळकट आणि दोनशे मीटर दोर मावेल असे हवे. कारण गळ लागताच त्याची पहिली धाव फार मोठी असते.

सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे अटकाव, ज्याला ‘ड्रॅग’ म्हणतात. माशाने जोर केला असता दोर तुटण्याआधी रिळाने तो थोडा थोडा सोडावा, हे त्याचे काम. दोर आठ किलोचा ताण सोसणारा असेल, तर दोन-अडीच किलोच्या ओढीला तो सुटू लागावा. ताणकाटा लावून हे घरीच पाहता येते. दुकानात दोर हाताने ओढून पाहावा : तो हिसका न देता सुटला पाहिजे. यात जे रीळ नापास झाले, त्याच्या चकचकीत डब्याला भुलू नये.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? दख्खनच्या महाशीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली केले, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून. त्याच नदीचे आजचे पाणी आपण जाणतोच. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने या माशाची पैदास करून त्याची पिल्ले पाण्यात सोडली. पुष्कळ शौकीनही आता धरलेला महाशीर परत सोडतात. पण दुबळ्या रिळावर तासभर झुंजून दमलेला मासा सोडला, तरी पुढे कित्येकदा मरतो. आणि दोर तुटलाच, तर तोंडात गळ व मागे नायलॉनचे शेपूट घेऊन तो फिरतो. अशा दयेला दया कसे म्हणावे? योग्य रिळावर झुंज लवकर संपते, आणि सोडलेला मासा खरोखर जगण्याची आशा राहते.

तेव्हा रीळ घेताना आपल्या खिशाचा आणि हौसेचा विचार अवश्य करा. परंतु दोराच्या दुसऱ्या टोकाला जो आहे, त्याचा विचार आधी करा.